सातव्या रेषेवरची फट

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, एअर कंडिशनर मिळाला आणि त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियमही मिळाला. मी त्याच ऑफिसात सहा वर्षं काम करत होते आणि मला पाठीला टेकू असलेली साधी खुर्ची मिळाली नव्हती. ट्रेसरला उंच स्टूलच बरं, असं आमच्या पावसकरसाहेबांचं ठाम मत होतं. त्यामुळे सुरुवातीला मला त्या कॉम्प्युटरचा रागच आला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मात्र मी त्याच्या नादी इतकी लागले की एका भल्या माणसाला तोंडावर खोटं पाडलं, आणि तो माणूस खोटा नव्हता. ही हकिकत त्याचीच आहे.

पावसकरसाहेब म्हणजे रत्नागिरीतले जुने स्ट्रक्चरल इंजिनियर. आम्ही नेमकं काय करतो हे मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही समजावून सांगावं लागायचं, तसंच इथेही सांगते. घर कसं दिसावं हे आर्किटेक्ट ठरवतो. ते उभं कसं राहील हे स्ट्रक्चरल इंजिनियर ठरवतो. खांब केवढा, तुळई केवढी, आत लोखंडी सळ्या किती आणि कुठल्या जाडीच्या, हे सगळं त्याच्या हिशेबातून निघतं. साहेब पेन्सिलीनं नकाशा काढत. मी त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून तोच नकाशा शाईनं गिरवत असे. मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघत आणि साइटवर जात. त्या अमोनियानं डोळ्यांतून पाणी यायचं, पण माझ्या रेघा बघून साहेब म्हणायचे, ‘शिर्केबाई, तुमचा हात म्हणजे छापखाना आहे.’ माझी सगळी मिजास त्या एका वाक्यावर उभी होती.

कॉम्प्युटर चालवायचा कोणी, असा प्रश्न आला तेव्हा ऑफिसात टायपिंगची परीक्षा पास झालेली मी एकटीच निघाले. साहेबांची बोटं कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत फिरायची आणि दोन ओळींत त्यांची चिडचिड व्हायची. पंधरा दिवस पुण्याला जाऊन मी शिकून आले, आणि आल्यावर मला खुर्ची मिळाली. टेकूवाली.

कॉम्प्युटरला इमारत दिसत नाही, हे माझ्या लवकर लक्षात आलं. आता पडद्यावर रंगीत इमारती गरागरा फिरतात, तसलं काही तेव्हा नव्हतं. काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. तुळई जिथे खांबाला मिळते त्या जागेला आम्ही सांधा म्हणायचो. प्रत्येक सांध्याला एक नंबर द्यायचा आणि तो एका कोपऱ्यापासून किती लांब, किती रुंद, किती उंच आहे ते लिहायचं. मग दुसऱ्या यादीत लिहायचं की बारा नंबरच्या सांध्यापासून तेरा नंबरपर्यंत एक तुळई जाते. तिसऱ्या यादीत वजनं, वारा, भूकंप. एवढं झालं की एक फाइल तयार व्हायची. ती प्रोग्रॅमला दिली की कॉम्प्युटर तास-दोन तास घुम्यासारखा बसायचा आणि मग प्रिंटर करकरत आकडे ओकायचा.

लांज्याचे एक गृहस्थ होते, जन्मभर मुंबईत गिरणीत काम करून गावी बंगला बांधायला निघालेले. ते एकदा नारळ घेऊन आले आणि म्हणाले, ‘बाई, माझा घर कॉम्प्युटरवर हाय म्हणतात. वायच दाखवताव?’ मी फाइल उघडून दाखवली. ते बराच वेळ हिरव्या आकड्यांकडे बघत राहिले. ‘पन यात घर खंय हाय?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हेच घर. त्यांनी पडद्याला नमस्कार केला, नारळ त्याच्यासमोर ठेवला आणि जाताना एका पानाची प्रिंट मागून नेली. पुढे कळलं की ती त्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावली. आम्ही ऑफिसात कित्येक दिवस हसत होतो. त्यांचा प्रश्न मात्र बरोबर होता, हे मला वर्षभरानं कळलं.

त्या वर्षी नाटे गावाच्या पुढच्या एका वाडीत मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना निघाला. इमारती दोन, एकमेकींना चिकटून. एकीत बर्फाच्या लाद्या तयार करायचं भलंमोठं टाकं आणि शीतगृह. ती जड, जाड भिंतींची. दुसरी मशीन हॉल, म्हणजे उंच, मोकळी, पोकळ इमारत. तिथे बर्फ गोठवणारे अमोनियाचे कॉम्प्रेसर बसणार होते. पहिली इमारत आमच्याकडे होती. दुसरी सोसायटीच्या आधीच्या कमिटीनं चिपळूणच्या खतीबसाहेबांना देऊन टाकली होती, पण दोन्हींवर शेवटची सही आमच्या साहेबांचीच व्हायची होती. खतीबसाहेब साठीला टेकलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर. मीटर येऊन इतकी वर्षं झाली तरी ते फूट-इंचांतच विचार करत आणि सगळे हिशेब हातानं, एका लांबड्या वहीत, हिरव्या शाईनं लिहीत.

दोन इमारतींच्या मध्ये एक इंचाची फट ठेवायची होती. मशीन थरथरणार, उन्हानं काँक्रीट फुगणार, वाऱ्यानं उंच हॉल जरा डुलणार. एकीचं हलणं दुसरीला लागू नये म्हणून अशी फट ठेवतात. फटीच्या अलीकडे आमच्या खांबांची रांग, पलीकडे खतीबसाहेबांच्या खांबांची. वर दोन्ही रांगा वेगळ्या, पण जमिनीखाली जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक जोडीला पाया मात्र एकच. त्या सामाईक पायांवर दोन्हीकडून मिळून किती भार येतो ते बघायला हवं होतं. साहेब म्हणाले, ‘खतीबांची फाइल मागवा आणि आपल्या फाइलला जोडा.’

खतीबसाहेबांनी चिपळूणच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आपले आकडे टाइप करून घेतले आणि फ्लॉपी पाठवली. दोन फाइली जोडणं म्हणजे दोन वाड्यांच्या घरांना एका ग्रामपंचायतीचे नंबर देण्यासारखं होतं. दोन्हीकडे एक नंबरचं घर, दोन्हीकडे बारा नंबरचं घर. मी त्यांच्या प्रत्येक सांध्यात पाचशे मिळवले. फुटांचे मीटर केले. त्यांची मोजमापं त्यांच्या इमारतीच्या कोपऱ्यापासून होती, माझी माझ्या कोपऱ्यापासून. तेव्हा त्यांची अख्खी इमारत उचलून माझ्या शेजारी आणून ठेवायची होती. मी माझाच ट्रेस केलेला नकाशा समोर घेतला. नकाशावर खांबांच्या रांगांना नंबर असतात. दोन्ही इमारती जिथे भेटत होत्या ती सातवी रेषा. त्यांच्या फाइलीतही सातवी, माझ्याही फाइलीत सातवी. मी त्यांची सातवी उचलून माझ्या सातवीवर ठेवली.

फुटांचे मीटर करताना आकड्यांची शेपटं उरतात, त्यामुळे सांधे केसभर इकडेतिकडे होत होते. म्हणून मी बेसिक भाषेत स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दोन सांधे एकमेकांच्या दोन इंचांच्या आत आले की तो त्यांचा एकच सांधा करून टाकायचा. हाताने चार दिवस लागणारं काम पंधरा मिनिटांत. त्या प्रोग्रॅमचा मला इतका अभिमान होता की साहेबांना तो मी तीनदा चालवून दाखवला. जोडलेली फाइल कॉम्प्युटरनं एकही चूक न दाखवता सोडवली. खतीबसाहेबांची फ्लॉपी पुसून तिच्यावरच मी नवी फाइल ठेवली. फ्लॉप्या जपून वापरायच्या, असा साहेबांचा दंडक होता.

उत्तरं बघून साहेब खूश झाले. मशीन हॉलच्या खांबांना खतीबसाहेबांनी वीस मिलिमीटरच्या आठ-आठ सळ्या सांगितल्या होत्या. कॉम्प्युटर म्हणत होता, सोळाच्या सहा पुरे. सामाईक पायेही लहान चालतील. खतीबसाहेबांच्या सळ्यांच्या यादीवर मी लाल पेन्सिलीनं काट मारली आणि तशी ती त्यांना पोस्टानं पाठवली. काट मारताना मला बरं वाटलं होतं, हे आठवून आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी ते स्वतः एसटीनं आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत बसले. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवून दिलं होतं.

‘बाय,’ ते म्हणाले, ‘मी तीनदा करून बघितलं. हॉल उंच आहे, दर्याचा वारा सरळ अंगावर घेणार. सोळाच्या सहा सळ्यांवर तो एकटा उभा राहणार नाही.’

मी त्यांच्याकडे पडदा वळवला. ‘हे बघा ना साहेब. इथे वरच्या टोकाला हॉल किती हलतोय ते आलंय. अगदी नगण्य.’

‘तेच तर. एवढं कमी हलेल कसं? त्याला कोणाचा टेकू आहे?’

‘हाताच्या हिशेबात माणूस घाबरून जास्त धरतो,’ मी म्हटलं. हे वाक्य पावसकरसाहेबांचं होतं, पण मी ते माझं असल्यासारखं म्हटलं. ‘हा अख्खी इमारत एकदम बघतो.’

त्यांनी पडद्यावरचा तो आकडा पुन्हा एकदा वाचला. वयानं माझ्या वडिलांएवढा माणूस, आणि मी सव्वीस वर्षांची. मग ते उठले. ‘वरचं तुमच्या कॉम्प्युटरच्या मर्जीनं करा. शेवटची सही साहेबांची आहे, मी भांडणार नाही. पण पाये माझ्या आकड्यानं घाला. तेवढं एक ऐक.’ साहेबांनी कंटाळून ते मान्य केलं. जाताना खतीबसाहेब दारात चपला घालत मला म्हणाले, ‘हे दोन शेजारी आहेत, बाय. एक घर नाही.’ मला वाटलं, म्हातारा रागावून काहीतरी बोलतोय.

फेब्रुवारीत खांबांचं काम सुरू झालं. साहेब मुलीकडे कोल्हापूरला गेले होते, म्हणून सळ्यांची मोजणी करायला त्यांनी मला साइटवर पाठवलं. सोसायटीचे चेअरमन भिकाजी तांडेल. काळाभोर, उंच माणूस, बोलताना समुद्राकडे बघायची सवय. मागच्या हंगामात बर्फ वेळेवर न मिळाल्यानं ढिगांनी मासळी नारळींच्या बुंध्यांशी पुरावी लागली होती, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नारळी पुनवेला होड्या पाण्यात जायच्या आधी बर्फ हवा, एवढा एकच विषय त्यांच्या डोक्यात असायचा. मशीन हॉलचे दर्याकडचे दोन कोपऱ्यातले खांब चार दिवसांपूर्वी भरून झाले होते. बाकीच्यांच्या सळ्या बांधून तयार होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडणार होतं.

मी सळ्या मोजल्या. सोळाच्या सहा, बरोबर. मग पाणी प्यायला शेडमध्ये गेले तर तिथे थर्मोकोलचे पांढरे तक्ते उभे करून ठेवलेले. इंचभर जाडीचे.

‘हे कशाला?’ मी तांडेलांना विचारलं.

‘तुमच्याच नकाशात लिवलंय ना, बाई. फट एक इंच. ती भरायला.’

त्यांनी खिळ्याला लावलेली प्रिंट काढून माझ्यासमोर धरली. सातव्या रेषेवर बाण काढून लिहिलं होतं, फट एक इंच. अक्षर माझंच, छापल्यासारखं. आणि बाणाच्या टोकाशी एकच जाड रेघ.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. इंचाची फट नकाशाच्या मापात इतकी बारीक होते की तिच्या दोन कडा शाईनं वेगळ्या काढता येत नाहीत, शाई मध्ये पसरते आणि डाग पडतो. म्हणून आम्ही ट्रेसर दोन कडांच्या जागी एक जाड रेघ ओढतो आणि शेजारी फट असं लिहितो. बघणाऱ्याला सवयीनं कळतं की ही रेघ म्हणजे मोकळी जागा. मी असल्या शेकडो रेघा ओढल्या होत्या. आणि कॉम्प्युटरसाठी आकडे काढताना त्या रेघेला मीच रेघ समजले होते. खतीबसाहेबांची खांबांची रांग मी माझ्या रांगेच्या शेजारी ठेवलीच नव्हती, तिच्या डोक्यावर ठेवली होती. मग माझ्या लाडक्या प्रोग्रॅमनं समोरासमोरचे सगळे सांधे एक करून टाकले. फाइलीत फट नव्हतीच. तो उंच हॉल आमच्या जाड इमारतीला टेकून आरामात उभा होता, म्हणून तर त्याला सळ्या कमी लागत होत्या. ‘त्याला कोणाचा टेकू आहे,’ हे त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं.

मी तिथेच वाळूच्या ढिगावर बसले.

पोस्टातून कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. तासाभरानं लागला. खरखरीतून साहेबांचा आवाज आला, ‘काँक्रीट थांबवू नका. मी सोमवारी येतो, मग पाहू.’ मी ओरडून सांगितलं की सोमवारपर्यंत सगळे खांब भरून होतील. ‘तुम्ही इंजिनियर नाही, शिर्केबाई,’ ते म्हणाले. मग लाइन तुटली की त्यांनी फोन ठेवला, ते मला अजून माहीत नाही.

पोस्टापासून साइटपर्यंतच्या वाटेत मी ठरवलं. साहेब मला काढतील, तर काढू देत. पण तो हॉल माझ्या हातानं चुकीचा उभा राहणार नाही. त्याच्या सावलीत बायका मासळी निवडत बसणार आहेत.

‘उद्याचं काँक्रीट थांबवा,’ मी तांडेलांना सांगितलं.

ते समुद्राकडून वळून माझ्याकडे बघायला लागले. ‘बाई, पुनवेला बर्फ नाय मिळाला तर माझी मानसां मला दारात उभी करनार नाय. साहेबानी सांगितलान?’

‘साहेब नको म्हणतात. मी सांगतेय.’

‘चूक कोनाची झाली?’

‘माझी.’

ठेकेदार शेजारीच उभा होता, तो हसला. तांडेल हसले नाहीत. ‘आतापर्यंत साहेब येऊन ठेकेदाराची चूक सांगत, ठेकेदार गवंड्याची,’ ते म्हणाले. ‘माझी म्हननाऱ्या तुमी पयल्या. किती दिवस थांबू?’

मी चार दिवस मागितले. त्यांनी मान हलवली आणि ठेकेदाराला सांगितलं की खडी-सिमेंट झाकून ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नागिरीला आल्यावर कळलं की माझी फजिती अजून संपलेली नाही. फाइली पुन्हा वेगळ्या करायच्या, तर खतीबसाहेबांची मूळ फाइल होती कुठे? ती मीच पुसली होती. जोडलेल्या फाइलीत त्यांचे सातव्या रेषेवरचे सांधे माझ्या सांध्यांत विरघळून गेले होते. चिपळूणच्या क्लासला फोन केला, तिथेही त्यांनी पुसलेली. म्हणजे जायला हवं होतं त्यांच्याकडेच. हायवेवर हातखंब्याला उतरून मी चिपळूणची गाडी पकडली आणि सगळ्या वाटेत काय बोलायचं याची तयारी करत बसले.

त्यांचं घर वाशिष्ठीच्या काठापासून लांब नव्हतं. ओसरीच्या भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पुराच्या पाण्याची पुसट रेघ होती. मी तयार केलेलं सगळं विसरले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, ‘साहेब, मी फट बुजवली होती.’

त्यांना कळायला क्षणभरही लागला नाही. ‘कागदावर की खरी?’

‘कागदावर. दोन खांब मात्र खरे भरून झालेत.’

ते शिडी लावून माळ्यावर चढले, पुराच्या भीतीनं पत्र्याच्या पेटीत ठेवलेली ती लांबडी वही घेऊन खाली आले, बायकोनं मला चहा दिला आणि त्यांनी कोट चढवला. ‘चल. तुला माझं अक्षर लागायचं नाही.’

दोन दिवस ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले. मी त्यांना खुर्ची देऊ केली तर म्हणाले, ‘टाइप करणाऱ्याला टेकू हवा.’ ते फूट-इंच वाचायचे, मी टाइप करायची, आणि दर पानाला ते पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचायला लावायचे. सातवी रेषा या वेळी मी दोन केली, त्यांची वेगळी आणि माझी वेगळी. खांबाच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत दहा इंच, दोन अर्ध्या खांबांचे मिळून नऊ इंच आणि एक फटीचा. माझा प्रोग्रॅम मी वापरलाच नाही. फक्त पायाशी, प्रत्येक जोडीला, मी हातानं दोघांना एकत्र आणलं. खाली एक, वर दोन. दोनदा वीज गेली आणि दोनदा पहिल्यापासून चालवावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिंटर करकरायला लागला. खतीबसाहेबांनी कागद फाडून घेतला, चष्मा वर केला आणि खांबांच्या ओळीवर बोट ठेवलं. वीसच्या आठ. पायांचं मापही त्यांच्याच आकड्याशी येऊन मिळालं होतं. लहान पाये घातले असते तर अख्खी रांग उकरावी लागली असती.

मला रडू आलं. त्यांनी तिकडे न बघितल्यासारखं केलं आणि वही बंद केली.

साहेब सोमवारी आले. आधी तासभर माझ्यावर ओरडले. मग प्रिंट बघितली आणि खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं समजलंय. ‘बाकीच्या खांबांच्या सळ्या बदलू,’ ते म्हणाले. ‘भरलेले दोन राहू देत. हिशेबात थोडी सूट धरलेली असतेच. फोडायला लावले तर गावभर होईल.’

‘साहेब, ते दोन दर्याकडचे कोपरे आहेत,’ मी म्हटलं. ‘वारा पहिला त्यांनाच लागणार. ती सूट वादळासाठी असते, माझ्या चुकीसाठी नाही. तुम्ही राहू देत म्हणत असाल तर सोसायटीला पत्र मी लिहिते, फाइल मी जोडली होती म्हणून.’

‘धमकी देताय?’

‘नाही. ट्रेसरचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात असतंच. ते तिथे राहावं असं मला वाटतंय.’

त्यांनी पेन उचललं आणि नव्या यादीवर सही केली. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, दोन खांब फोडून नव्याने करावेत. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण काढलं नाही, आणि त्या दोन खांबांचा दोष त्यांनी बाहेर कोणाकडेही माझ्यावर ढकलला नाही. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

खांब फोडताना मी मुद्दाम गेले होते. घण पडत होते आणि मी शेवटपर्यंत तिथे उभी राहिले. त्या तीन-चार आठवड्यांच्या खोळंब्यानं हॉलवर छप्पर पडायच्या आधीच पाऊस आला, आणि नारळी पुनवेला तिथे बर्फ नव्हता. होड्या तशाच गेल्या. दसरा उलटून गेल्यावर कारखाना सुरू झाला. मधल्या दोन महिन्यांत त्या वाडीत किती मासळी पुरली गेली ते मी तांडेलांना कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली तरी काम थांबवलं ते बरोबरच होतं, या माझ्या खात्रीला ते दोन महिने टोचत राहिले आहेत.

माझा प्रोग्रॅम मी टाकून दिला नाही, बदलला. दोन सांधे जवळ सापडले की तो थांबायचा आणि विचारायचा, हे दोन एकच आहेत काय. मग मी नकाशा उघडून बघायची आणि उत्तर द्यायची. मोठ्या इमारतीला असे दीड-दोनशे प्रश्न यायचे. साहेब चिडायचे, पुढे आलेले तरुण इंजिनियर तर हसायचे, कारण तोवर बाजारात एका बटणात सगळं जोडणारे प्रोग्रॅम आले होते. निवृत्त होईपर्यंत मी त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिले. त्यांतल्या काही जागी उत्तर ‘नाही’ असंच निघालं.

कारखान्याच्या सुरुवातीचा दिवस सांगायचा राहिला. पूजा झाली, तांडेलांनी नारळ फोडला, मेकॅनिकनं कॉम्प्रेसर सुरू केला आणि अमोनियाचा माझ्या ओळखीचा वास नाकात शिरला. लोक मशीन बघायला आत गेले. मी बाहेरच्या बाजूनं सातव्या रेषेपाशी गेले. दोन खांब शेजारी शेजारी, मध्ये थर्मोकोलची पांढरी कड. मी डावा तळहात खतीबसाहेबांच्या खांबावर ठेवला आणि उजवा आमच्या खांबावर. डाव्या हाताखाली बारीक थरथर होती, मनगटापर्यंत येत होती. उजव्या हाताखाली काहीच नव्हतं.

मागे खतीबसाहेब येऊन उभे होते. मी बाजूला झाले. त्यांनी टोपी काखेत धरली, माझ्यासारखेच दोन्ही तळहात दोन खांबांवर ठेवले आणि डोळे मिटले. आत लोक टाळ्या वाजवत होते. बराच वेळ झाला तरी त्यांनी हात काढले नाहीत, आणि मीही त्यांना घाई केली नाही.